शनिवारचा पडदा

लग्नाला आठ महिने झाले तेव्हा मला शोध लागला की माझ्या बायकोला बोलता येतं.

शोध दादरला लागला, बटाटावडा खाताना. त्याआधी मी चंपाला फक्त आमच्या परळच्या खोलीत पाहिलं होतं, आणि त्या खोलीत बोलायला जागा नव्हती. खोली दहा बाय बाराची. माणसं सहा. माझे वडील नाना, आई, धाकटी बहीण कमळा, मी, चंपा आणि भिवाकाका. काका गिरणीत रातपाळी करत, त्यामुळे दिवसभर घरातल्या एकुलत्या एका खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपलेले. ते कामावर गेले की बाकीचे पाच जण पथाऱ्या टाकायचे. म्हणजे गिरणीसारखी आमची खोलीही पाळ्यांत चालायची; यंत्र कधी बंद नाही.

शिवाय आमच्यात नवराबायकोने सरळ एकमेकांशी बोलायची चाल नव्हती. नाना आणि आई माझ्या आठवणीत एकदाही समोरासमोर बोलले नव्हते.

"शिवा, तुझ्या आयेला सांग, आमटीत मीठ कमी हाय."

आई तीन फुटांवर, चुलीपाशी. "शिवा, त्यांना सांग, मीठ संपलंय."

मी चार वर्षांचा असल्यापासून त्या दोघांचा टेलिफोन होतो. नऊ वर्षांचा असताना मला टायफॉइड झाला तेव्हा तीन आठवडे आमच्या घरात मीठ आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी नानांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि घरातल्या जुन्या चाली एकेक करून बाहेर काढल्या. देव गेले, नवस गेले, अंगात येणारी मावशी यायची बंद झाली. ही एक चाल तेवढी राहिली, कारण ती चाल आहे हेच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. चंपा घरात आल्यावर आमच्यासाठी दुसरा टेलिफोन बसवला गेला. तो कमळा.

"वन्सं, विचारा, अजून भाकरी वाढू का?"

"कमळे, सांग, अर्धी."

आठ महिन्यांत चंपाशी माझं जे काही बोलणं झालं, त्यात प्रेमाच्या सगळ्यांत जवळ जाणारा शब्द 'अर्धी' हा होता.

मी बसवर कंडक्टर. दिवसाला हजारभर माणसांशी बोलायचो. पुढे सरका, सुटे काढा, बाई पोराला मांडीवर घ्या. संध्याकाळी घरी आलो की तोंड मिटायचं. माझा ड्रायव्हर जगन याला हे एकदा सांगितलं तेव्हा त्याने गाडी सिग्नलला थांबवून मागे वळून पाहिलं.

"चौपाटीवर जा की."

"चौपाटीवर अर्धी चाळ बसलेली असते."

"मग दादरला शामरावांच्या हॉटेलात जा. फॅमिली रूम आहे. बाईमाणूस बरोबर असलं की पडदा ओढून देतात."

फॅमिली रूम म्हटल्यावर मला आधी वाटलं की सहाच्या सहा जणांना न्यावं लागतं, काकांना खाटेसकट. जगनने समजावलं. मग एका शुक्रवारी मी घरात भिंतीकडे बघून जाहीर केलं, "उद्या दादरला जायचं म्हणतोय. हिला चपला घ्यायच्यात."

काका घोरत होते. थोड्या वेळाने आई परातीतल्या पिठाला म्हणाली, "शनिवारच्या भाकऱ्या मी थापीन."

भाकऱ्यांचं कुणी विचारलं नव्हतं.

शामरावांचं हॉटेल गोखले रोडच्या बाजूच्या एका गल्लीत होतं. सगळं शाकाहारी. शामराव चळवळीतले, त्यांनी जुनी पाटी उतरवून 'संयुक्त महाराष्ट्र उपाहारगृह' अशी नवी लावली होती आणि खाली लाल अक्षरांत 'मुंबईसह'. आत फळ्यावर मिसळीपुढेही मुंबईसह लिहिलेलं. तिथे पावाला मुंबई म्हणत. एका गिऱ्हाइकाने डॉक्टरने पाव बंद केलाय म्हणून मुंबईशिवाय मिसळ मागितली, तर शामरावांनी गल्ल्यावरून उठून त्याला सांगितलं, "ह्या हॉटेलात ती मागणी चालणार नाही. शेव जास्त घ्या, पण मुंबई राहील."

फॅमिली रूम म्हणजे कोपऱ्यातला एक आडोसा. लाकडी फळ्यांची अर्धी भिंत, समोर हिरवा फुलाफुलांचा पडदा, आत संगमरवरी टेबल, दोन बाकडी आणि बटाट्याचं पोतं. पोत्याला दुसरीकडे जागा नव्हती. पडदा जमिनीपासून हातभर वर होता. वाढणारा विठोबा म्हणून साठीचा माणूस, वरळीच्या कोळीवाड्यातला. याला लहानपणापासून बोट लागायची. होडीत पाय ठेवला की पोट ढवळायचं, म्हणून सात पिढ्यांची मासेमारी सोडून हा बटाटेवडे वाढत होता. कोळीवाड्यात त्याने गोदीत काम करतो असं सांगितलेलं.

त्याने आम्हाला नियम सांगितला. "प्लेटीत काय तरी असेतो पडदा बंद. प्लेट संपली की मी खोकणार आणि उघडणार. मालकाचा कायदा आहे, माझा नाय."

पहिला वडा आम्ही गप्प बसून खाल्ला. माझ्या मनात आठ महिन्यांचं साठलेलं होतं आणि त्यातलं एकही वाक्य टेलिफोनशिवाय बाहेर पडायला तयार नव्हतं. मी बटाट्याच्या पोत्याकडे बघत होतो. दुसऱ्या वड्याचा तुकडा तोंडात घालून चंपा थांबली. तिने तो सावकाश चावला.

"ह्यांनी बटाटा परतला नाय," ती म्हणाली. "उकडला, कुस्करला, वरून फोडणी ओतली. आळस."

मी तिच्याकडे बघत राहिलो.

"काय झालं?"

"तू बोललीस."

"मग? मुकी म्हणून करून आणली होती काय?"

आणि मग ती थांबली नाही. कमळा इतिहास पाठ करताना प्रत्येक राजाला एकाच सुरात कशी मारते ते तिने करून दाखवलं. काकांचं घोरणं, ते मध्येच बंद पडून सगळ्या खोलीने श्वास रोखणं, आणि मग पुन्हा सुरू झाल्यावर आईने सोडलेला सुस्कारा. नाना वर्तमानपत्र वाचताना सरकारवर कसे डोळे वटारतात. हसताना माझ्या घशात वडा अडकला. विठोबाने बाहेरून विचारलं, "पाणी देऊ, की मोर्चा आलाय?"

दुसऱ्या प्लेटीला ती मला तू म्हणाली. म्हटल्यावर आपणच जीभ चावली, पण मागे घेतलं नाही.

तेव्हापासून मला दोन बायका झाल्या. एक परळला, पदर डोक्यावर, नजर चुलीत. दुसरी शनिवारी साडेपाच ते सव्वासहा, दादरला, हिरव्या पडद्यामागे. पहिलीबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पण रविवार उजाडला की मी दुसरीची वाट बघायला लागायचो, आणि रविवारपासून शनिवार फार लांब असतो. एकदा एका बाईंना गिरगावचं तिकीट देताना मी "शनिवार?" असं विचारलं.

सावकाश खायचं शास्त्र आम्ही शोधून काढलं. वड्याचं आवरण आधी, मग सारण, मग चटणीतला एकेक शेंगदाणा. थालीपीठ सगळ्यांत टिकाऊ. ते कडेकडेने गोल खात आत गेलं तर चाळीस मिनिटं जातात. विठोबाला हे कळलं होतं. तो पडद्याखालून वाकून प्लेट बघायचा आणि गल्ल्याकडे ओरडायचा, "अजून आहे, मालक! बारकं आहे, पण आहे!"

खाताखाता चंपा प्रत्येक पदार्थ उलगडून सांगायची. भाजणीत धणे कच्चे पडलेत. डाळिंबीच्या उसळीत गूळ आहे, पण खोबरं कंजूसपणाने घातलंय. आणि मग मंगळवारी-बुधवारी तो पदार्थ आमच्या घरी व्हायचा. भाजणी नसायची, ती तांदळाचं, नाचणीचं, चण्याचं असेल ते पीठ एकत्र करायची, कांदा बारीक चिरून, मिरची, धणे भाजून हातानेच चुरडलेले. ओल्या फडक्यावर थापायची, मध्ये बोटाने भोक पाडून त्यात तेल सोडायची. सगळ्या खोलीत वास. काकासुद्धा कूस बदलायचे.

"शिवा, सांग, बरं झालंय," नाना म्हणायचे.

सहा जण जेवायचे, पण ते पत्र मला असायचं.

असे अकरा शनिवार झाले. घरी अजून आम्ही चपलाच घेत होतो.

आता नानांचं सांगायला हवं. नाना लहान असताना गावच्या हॉटेलबाहेर त्यांना करवंटीत चहा मिळायचा, तोही वरून ओतलेला. मुंबईत येऊन तीस वर्षं झाली, पण हॉटेलात गेले की नाना अजून गल्ल्यासमोरच्या मधल्या टेबलाशीच बसतात. ते रिकामं नसेल तर उभे राहून वाट बघतात. बशीत चहा ओतून अगदी सावकाश पितात. मी एकदा म्हटलं, नाना, कोपऱ्यात वारा चांगला आहे. ते म्हणाले, "वारा नको. माझा चहा सगळ्यांना दिसला पाहिजे." पंचावन्न साली अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवणारा कायदा झाला त्याचं कात्रण ते सदऱ्याच्या खिशात ठेवत. आईला कपडे धुवायला टाकताना टेलिफोनवरून सूचना असायची, "शिवा, सांग, खिशात कायदा हाय."

बाराव्या शनिवारी परळहून शिवाजी पार्कला मोर्चा होता. नाना मोर्चात होते; नाना सगळ्याच मोर्चांत असत. मोर्चा हॉटेलच्या गल्लीवरून जाणार हे मला माहीत नव्हतं. शामरावांनी दारात पाण्याचं पिंप आणि टोपलीभर पाव ठेवले होते. बाहेर आवाज वाढत होता, आणि आत थालीपीठ निम्म्यावर आलं होतं.

चंपा त्या दिवशी कमी बोलत होती. थालीपिठाच्या कडेवरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "शिवा, तुला एक सांगायचंय. कधीपासून सांगायचंय. पण हसायचं नाय."

तिने माझं नाव घेतलं होतं. मी हसण्याच्या जवळपासही नव्हतो.

"सांग."

तिने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तोंड उघडलं.

आणि पडद्याच्या कड्या खळखळल्या.

नाना पाणी प्यायला आत आले होते. वाकून ग्लास ठेवताना त्यांना पडद्याखाली माझे बूट दिसले, आणि बुटांशेजारी चंपाच्या चपला. अकरा शनिवार घेत असलेल्या चपला अजून जुन्याच होत्या. पण नानांनी तो विचार केला नाही. त्यांनी दुसराच केला.

"शिवा," नाना अगदी हळू म्हणाले. "तुला हितं बसवलं?"

"नाना, म्हणजे त्याचं असं आहे—"

"मालक कुठाय?"

शामराव हात पुसत आले. "काय झालं हो? पाणी मिळालं ना?"

"पाणी मिळालं. पुढं मिळालं. माझ्या पोराला मागं का?"

"अहो, ती फॅमिली रूम आहे."

"आमची फॅमिली पडद्याआड? आणि ही बाकीची फॅमिली उघड्यावर?" नानांनी मधल्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे एक गृहस्थ एकटेच पीयूष पीत होते. ते घाबरून म्हणाले, "मी फॅमिली नाही हो."

नानांनी खिशातून कात्रण काढलं, उलगडलं आणि मोठ्याने वाचायला लागले. दारातून मोर्चातली माणसं आत येऊ लागली. काय झालं, काय झालं. कुणीतरी सांगितलं, पोराला आणि सुनेला पडद्यामागे बसवलं. एकाने बटाट्याचं पोतं बघितलं. "अरे, पोत्याशेजारी बसवलं!" तो ओरडला, आणि मग काही राहिलंच नाही. घसा आधीच तापलेला होता सगळ्यांचा.

"पडदा हटलाच पाहिजे!"

"हटलाच पाहिजे! हटलाच पाहिजे!"

मागे दारातल्या एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारलं, "हा पडदा कुठे आला? बेळगावकडे?" आणि उत्तराची वाट न बघता तोही ओरडायला लागला.

नानांनी पडदा ओढला. दांडीसकट आला. कड्या जमिनीवर सांडल्या, टेबलांखाली घरंगळत गेल्या. आम्ही दोघं दिसलो. मध्ये अर्धं थालीपीठ.

शामरावांचा चेहरा पांढरा पडला होता. ते माझ्याकडे बघत होते. त्यांना माझ्याकडून एक वाक्य हवं होतं. एकच. पडदा मी मागितला होता, मला बायकोशी बोलायचं होतं. मी उभा राहिलो. समोर नाना, हातात कायदा. त्यांच्यामागे पन्नास माणसं. वडिलांना सांगायच्या गोष्टी असतात तशा न सांगायच्याही असतात, आणि ही त्या दुसऱ्या यादीत सगळ्यांत वर होती. तोंड उघडलं तर आतून जे सवयीचं होतं तेच बाहेर आलं.

"पुढे सरका," मी म्हणालो. "पुढे सरका, दारात गर्दी करू नका."

दोघंतिघं खरंच पुढे सरकले.

एकाने फळा उचलला. कशासाठी ते त्यालाही माहीत नसावं. विठोबा फळ्याला लोंबकळत म्हणाला, "अरे, त्यावर मुंबई लिवलीय!" तेव्हा चंपा उठली.

"मामा," ती म्हणाली.

नानांनी इकडेतिकडे बघितलं, कोण बोललं ते शोधत.

"मामा, मालकांनी नाय बसवलं. पडदा आम्हीच मागितला. घरात यांच्याशी बोलता येत नाय. म्हणून येतो. बोलायला."

मागून एक जण म्हणाला, "वडा खायला नाय?"

"वडा बरा नसतो," चंपा म्हणाली. "बटाटा परतत नाय."

शामरावांच्या डोळ्यांत त्याही स्थितीत थोडी दुखावलेली चमक आली.

नाना माझ्याकडे वळले. टेलिफोनकडे.

"हिला बोलता येतं?"

"येतं."

"कधीपासून?"

"अकरा शनिवार झाले."

नानांनी कात्रण घडीवर घडी घालून खिशात ठेवलं. मग ते खाली वाकले आणि एकेक कडी वेचायला लागले. टेबलाखाली हात घालून, पीयूषवाल्या गृहस्थांचा पाय बाजूला सारून. पन्नास माणसांदेखत. सगळ्या कड्या ओंजळीत घेऊन त्यांनी शामरावांपुढे धरल्या.

"मालक, चूक माझी."

"अहो, नाना, असू द्या," शामराव म्हणाले. "उद्याच बसवून घेतो. आणि बटाटाही परतू."

मोर्चा पुढे गेला. मागच्यांना आतली हकीकत कळली नव्हती. त्यांनी पडदा हटलाच पाहिजे ही मागणी शिवाजी पार्कपर्यंत नेली.

आम्ही तिघं चालत घरी आलो. मध्ये नाना, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला चंपा, पदर पुन्हा डोक्यावर. मला तिची क्षमा मागायची होती. जे वाक्य माझं होतं ते तिला बोलावं लागलं, आणि त्यापायी तिचं स्वतःचं वाक्य तसंच राहिलं. ते वाक्य मला हवं होतं. एवढ्या वर्षांत मला कुठल्या गोष्टीची इतकी भूक लागल्याचं आठवत नाही.

हॉटेलात काय घडलं ते घरी कुणी कुणाला सांगितलं नाही. मंगळवारी पिठलं झालं. पिठल्यात फक्त पिठलं होतं.

मी तर्क करत राहिलो. माहेरी जायचं असेल. शिवणाचा क्लास लावायचा असेल. मी रात्री घोरतो असं असेल, आणि काकांच्या नावावर खपत असेल. तुमच्या मनात जे आलं तेही माझ्या मनात येऊन गेलं. पण तसलं काही असतं तर चाळीला माझ्या आधी कळलं असतं. बसमध्ये मी लोकांना उरलेले पैसे द्यायला विसरू लागलो. जगन म्हणाला, "विचार की सरळ." मी त्याला विचारलं, सरळ म्हणजे कुठून.

गुरुवारी जेवताना नानांनी भाकरीचा तुकडा ताटातच ठेवला.

"शिवा, तुझ्या आयेला सांग, शनिवारी हॉटेलात जायचंय."

आईचा हात परातीत थांबला. "शिवा, विचार, कोण कोण?"

"सांग, दोघंच."

चंपाची पाठ आमच्याकडे होती, पण ती ऐकत होती.

"विचार, कशाला," आई म्हणाली.

नाना ताटाकडे बघत राहिले. "सांग," ते म्हणाले, आणि थांबले. "सांग, असंच. बोलायला."

मी सांगितलं. माझ्या नोकरीतला तो सगळ्यांत जड निरोप होता. आईने पीठ मळायला घेतलं. फार जोरात मळलं.

शनिवारी नानांनी धुवट सदरा घातला. आई लग्नातलं लुगडं नेसली. आता आई घरात नसणार म्हणजे शनिवारच्या भाकऱ्या चंपाकडे, हे कुणी बोललं नाही. परात तिच्या पुढ्यात आपोआप आली. निघताना नाना मला म्हणाले, "तू पण चल. बाहेर बस. अडलं तर हाक मारीन."

म्हणजे मी पुन्हा दादरला गेलो. नवा पडदा होता, निळा. विठोबाने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, मग नाना-आईकडे बघून खाली घेतल्या. ते दोघं आत गेले. मी बाहेर, पडद्याकडे पाठ करून, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मधल्या टेबलाशी.

पाच मिनिटांनी आतून आवाज आला. "शिवा, आयेला विचार, चटणी हवी का?"

"आये, चटणी हवी का?"

"सांग, नको. तिखट हाय."

"नाना, नको. तिखट आहे."

सगळं हॉटेल माझ्याकडे बघत होतं. शामराव गल्ल्यावर हनुवटी टेकून ऐकत होते. "शिवा, सांग, वडा मऊ हाय, सावकाश खा." "शिवा, त्यांना सांग, मला कळतं." असं दहा मिनिटं चाललं. मग हाका विरळ झाल्या. एकदा नाना "शिवा" म्हणाले आणि पुढे काही बोललेच नाहीत. मी "काय, नाना?" म्हटलं. आत कुजबुज सुरू झाली होती. आधी एक आवाज, खोल, अडखळत. मग दुसरा, बारीक, भरभर, न थांबता. तो दुसरा आवाज मला ओळखू येईना. मी मागे वळून खात्री केली की पडद्याखाली आईचेच पाय आहेत.

आणि मग आई हसली.

मी चोवीस वर्षांचा आहे. आईला हसताना ऐकलं नव्हतं असं नाही. पण हे तसलं हसणं नव्हतं. एखाद्या मुलीने मैत्रिणीच्या पाठीत धपाटा घालून हसावं तसं. विठोबा खोकायला पडद्यापाशी गेला होता, तो न खोकता परत आला.

"संपलीय प्लेट," तो मला हळूच म्हणाला. "पण मला दिसली नाय."

मी मिसळ मागवली, मुंबईसह. खाल्ली नाही. मला परळची चूल डोळ्यांसमोर दिसत होती, आणि तिच्यापुढे चंपा.

सात वाजता दोघं बाहेर आले. आईचा चेहरा लाल झाला होता. नाना घाम पुसत होते, पण सरळ चालत होते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"पुढच्या शनिवारी पण आम्हीच येऊ," ते म्हणाले. "तुझी आये पहिल्यापासून सांगतेय. लग्नापासून. आज एकतीस सालापर्यंत आलो."

"बत्तिसात तर तुम्ही—" आई मागून म्हणाली, थेट नानांना.

"ते पुढच्या खेपेला," नाना थेट आईला म्हणाले.

मला त्यांनी काही सांगायला सांगितलं नाही. टेलिफोनचं काम सुटलं होतं, वयाच्या चोविसाव्या वर्षी, नोटीस न देता. चालताना मी हिशोब केला. सरतं साल अठ्ठावन्न. बत्तीसपासून अठ्ठावन्नपर्यंत सत्तावीस सालं. शनिवारी एक साल धरलं तर जून उलटेल. मधली काही सालं दुष्काळाची, माझ्या टायफॉइडची, त्यांना जास्त वेळ लागेल. आणि ते सगळे शनिवार भाकऱ्या चंपाकडे.

घरी आलो तेव्हा ती चुलीपाशी होती. काका कामावर निघण्याच्या तयारीत, कमळा इतिहासातल्या कुठल्याशा राजाला मारत होती. आई आल्या आल्या नानांना म्हणाली, "टोपी तिकडं ठेवू नका," आणि कमळाचा राजा अर्धवट मेला.

पानं घेतली. कुळथाची पिठी होती, भात, भाजलेला पापड. मी जेवत होतो. चंपा वाढत होती, माझ्यासमोरून हात जात-येत होता.

"वन्सं, विचारा, भाकरी वाढू का?"

"कमळे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "कमळे, विचार तिला, त्या दिवशी काय सांगायचं होतं."

काकांनी चपला घालताना मान वर केली. नाना पिठीत बघत राहिले. आईने पापड मोडला नाही, तो हातात तसाच धरला.

कमळाने विचारलं. चंपाने तव्यावरची भाकरी उलटली, मग बोटांनी गोल फिरवली. ती फुगेपर्यंत थांबली. घाई नव्हती तिला. भाकरी फुगली, वाफ कडेने निघाली, ती तिने उतरवली आणि टोपलीत ठेवली.

"सांगा, ते असं सांगायचं नाय," ती म्हणाली.

"दादा, ते असं सांगायचं नाही म्हणते," कमळा म्हणाली.

"सांग, मी थांबतो," मी म्हणालो.

कमळाने सांगितलं. चंपाने नवा गोळा परातीत घेतला आणि थापायला लागली. तिची पाठ माझ्याकडे होती, खांदे हलत होते, आणि भाकरी थापताना ते तसे हलतातच.